रत्नागिरी-सिंधुदुर्गात पेपर कुठला लावावा? राजकीय झुकाव तपासून केलेलं परीक्षण

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरात बातमी येते ती सकाळच्या पेपरातून, मराठी न्यूज चॅनेलवरून, आकाशवाणीवरून आणि मोबाइलवरच्या स्थानिक पोर्टलांवरून. कागद कसा, पुरवण्या किती, शब्दकोडं चांगलं की नाही, हे इथे पाहिलेलं नाही. राजकीय बातमी किती पुरी मिळते आणि ती कुणाच्या सोयीने कापलेली असते, एवढंच पाहिलं आहे.

निष्कर्ष आधीच सांगतो. पक्षाच्या मुखपत्राची भीती बाळगायचं कारण नाही. त्याची बाजू पहिल्या पानावरच दिसते. डोळ्यांत तेल घालून वाचायचं ते आतलं जिल्ह्याचं पान. तिथला कल अग्रलेखातून येत नाही, जाहिरातीतून येतो, आणि तो बहुतेक वेळा न छापलेल्या बातमीत असतो.

मुखपत्रांपासून सुरुवात करू, कारण कोकणाइतका मुखपत्रांचा सामना दुसरीकडे क्वचित दिसतो. 'सामना' २३ जानेवारी १९८८ रोजी बाळासाहेब ठाकरे यांनी सुरू केला. 'प्रहार' २००८ मध्ये नारायण राणे यांनी काढला. दोन्ही वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवली की गोंधळ होत नाही: या पेपरांची बाजू विचारसरणीची नाही, मालकाच्या आजच्या राजकीय जागेची आहे. 'सामना' तीस वर्षं भाजपच्या मित्रपक्षाचा पेपर होता, २०१९ नंतर भाजपवर सर्वांत कडक टीका तिथेच येऊ लागली. 'प्रहार' निघाला तेव्हा राणे काँग्रेसमध्ये होते. पुढे त्यांचा स्वतःचा पक्ष झाला, मग तो भाजपमध्ये विलीन झाला. म्हणून पाच वर्षांपूर्वीच्या अनुभवावर आजचा पेपर तोलू नका. मालक आज कुठे उभा आहे ते बघा आणि मग वाचा. दोन्हींचा खरा उपयोग विरोधकांबद्दलच्या बातम्यांसाठी आहे: प्रतिस्पर्ध्याच्या कारभारातली जी कागदपत्रं इतर पेपर चार ओळींत उरकतात, ती मुखपत्रात सविस्तर मिळतात. स्वतःच्या नेत्याबद्दल मात्र त्यातलं काहीही पडताळल्याशिवाय धरू नये. एकट्याने वाचायला दोन्ही अपुरे, एकमेकांशेजारी ठेवून वाचायला दोन्ही उपयोगी.

मोठ्या पेपरांत मालकीचा राजकारणाशी संबंध असतो, पण तो मुखपत्रासारखा रोज अंगावर येत नाही. 'लोकमत'चे संस्थापक जवाहरलाल दर्डा काँग्रेसचे मंत्री होते, विजय दर्डा राज्यसभेत आणि राजेंद्र दर्डा राज्याच्या मंत्रिमंडळात होते. 'सकाळ' नानासाहेब परुळेकरांनी १९३२ मध्ये पुण्यात सुरू केला. १९८० च्या दशकापासून तो शरद पवार यांचे धाकटे बंधू प्रतापराव पवार यांच्या कुटुंबाकडे आहे. 'लोकसत्ता' एक्स्प्रेस समूहाचा, 'महाराष्ट्र टाइम्स' टाइम्स समूहाचा. शेवटच्या दोघांच्या मालकांना कणकवली किंवा राजापूरच्या आमदारकीत रस नाही, हा त्यांचा कोकणातल्या वाचकासाठी मोठा गुण. दोषही तिथलाच: चिपळूणच्या पुराशिवाय आणि गणपतीच्या गर्दीशिवाय कोकणाला त्यांच्या पानांत जागा कमी. राज्याचं राजकारण, न्यायालयाचे निकाल, अर्थसंकल्प यासाठी ते घ्यावेत. पंचायत समितीत काय झालं ते तिथे शोधू नये.

जिल्ह्याच्या बातमीसाठी इथे 'पुढारी', 'तरुण भारत', 'रत्नागिरी टाइम्स' असे पेपर चालतात. 'तरुण भारत'बद्दल एक खुलासा हवाच, कारण बाहेरून आलेले वाचक नेहमी फसतात. सिंधुदुर्गात घरोघरी येतो तो बेळगावचा, बाबूराव ठाकूर यांनी १९१९ मध्ये सुरू केलेला. नागपूरचा 'तरुण भारत' वेगळा आणि संघविचाराचा म्हणून ओळखला जाणारा. नाव एक म्हणून एकाचा शिक्का दुसऱ्यावर मारू नका. बेळगावच्या पेपरात सीमाप्रश्न आणि गोव्याच्या बातम्या भरपूर असतात. सावंतवाडी, दोडामार्ग, बांदा या पट्ट्यात नोकरीसाठी रोज गोव्यात जाणाऱ्यांना त्याचा फायदा होतो.

आता मालक कोण हे स्वतः कसं शोधायचं ते. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात प्रेसलाइन असते: मुद्रक, प्रकाशक, संपादक, छपाईचं ठिकाण. तिथून कंपनीचं नाव मिळतं. त्यापुढे जायचं तर वाचनालयात जा आणि मार्च महिन्याच्या फायली काढा. वृत्तपत्र आणि पुस्तक नोंदणीच्या १८६७ च्या कायद्याखालच्या नियमांनुसार दर वर्षी फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात 'फॉर्म चार' छापावा लागत असे. त्यात मालकांची नावं आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्या भागधारकांची यादी असते. १ मार्च २०२४ पासून नवा कायदा लागू झाला, म्हणून त्याआधीच्या मार्चचे अंक पाहणं सोपं. अडचण येते ती भागधारक म्हणून दुसरीच कंपनी दिसली तर. तेव्हा कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिचे संचालक पाहावे लागतात. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे, तालुक्यांतही अनुदानित वाचनालयं आहेत. तिथल्या टेबलावर चार-सहा पेपर शेजारीशेजारी पडलेले असतात. तुलना करायला याहून स्वस्त जागा नाही.

जिल्ह्याच्या पानाकडे येतो. इथे पहिली तपासणी 'जिमाका'ची. जिल्हा माहिती कार्यालय रोज प्रेसनोट काढतं, तिच्या सुरुवातीला 'रत्नागिरी, दि. अमुक (जिमाका)' असं असतं. प्रामाणिक पेपर ते 'जिमाका' तसंच ठेवतो, म्हणजे वाचकाला कळतं की हे सरकारचं म्हणणं आहे. डेस्कवर मात्र अनेकदा तेवढाच शब्द काढून 'प्रतिनिधी' किंवा 'वार्ताहर' घातलं जातं, मजकुरातला काना-मात्राही बदलत नाही. मग पालकमंत्र्यांनी बैठकीत दिलेले निर्देश स्वतंत्र बातमी म्हणून वाचले जातात. ओळखायची खूण सोपी आहे. 'यावेळी ते बोलत होते', 'संबंधित यंत्रणांनी समन्वयाने काम करावे', 'कोणीही वंचित राहणार नाही', आणि शेवटी हजर अधिकाऱ्यांची हुद्द्यांसह यादी. बैठकीत कुणी प्रश्न विचारला, किती निधी अखर्चित राहिला, मागच्या बैठकीतल्या कामांचं काय झालं, यातलं काहीच नसतं. खात्री करायची असेल तर राज्याच्या माहिती महासंचालनालयाच्या 'महासंवाद' संकेतस्थळावर तीच तारीख उघडा आणि परिच्छेद ताडून बघा. सरकार कुठल्या पक्षाचं आहे याने या सवयीत फरक पडत नाही. म्हणून हा पक्षपात सत्तेच्या बाजूचा म्हणावा, एका पक्षाच्या बाजूचा नव्हे.

दुसरी तपासणी पट्टीने करायची. सलग सात दिवसांचे जिल्हा अंक घ्या. प्रत्येक जाहिरातीची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून ती किती कॉलम रुंद आहे त्याने गुणा. मोठ्या आकाराचं पान साधारण आठ कॉलमांचं असतं. जाहिरातींचे तीन ढीग करा. सरकारी (कोपऱ्यात 'डीजीआयपीआर', म्हणजे राज्याचं माहिती महासंचालनालय, आणि वर्ष-क्रमांक, किंवा केंद्राची असेल तर 'सीबीसी'चा, म्हणजे केंद्रीय संचार ब्युरोचा, क्रमांक दिसतो), राजकीय (वाढदिवस, निवड, नियुक्ती, सणांच्या शुभेच्छा), आणि बाकीच्या. मग त्याच सात दिवसांत त्याच नेत्यांवर टीका करणाऱ्या बातम्या मोजा. वाढदिवसाची चार पानी पुरवणी ज्या आठवड्यात निघते त्या आठवड्यात त्या नेत्याच्या मतदारसंघातल्या रखडलेल्या नळपाणी योजनेची बातमी कुठे होती, पान एकवर, पान सातवर, की नव्हतीच, ते बघा. एका आठवड्यावर निवाडा करू नका, आठवडा एखाद्या सणाचा असू शकतो. निदान तीन वेगवेगळ्या महिन्यांतला एकेक आठवडा घ्या.

हे असं का होतं ते समजून घेतलं की बातमीदारावर राग काढायचं कारण उरत नाही. तालुक्याचा बातमीदार बहुतेक ठिकाणी पगारी नसतो. थोडं मानधन, आणि जाहिरातीवरचं कमिशन. दिवाळी अंक, वर्धापनदिन, १ मे, १५ ऑगस्ट, प्रत्येक पुरवणीचं टार्गेट त्याच्याच डोक्यावर. ज्या जिल्हा परिषद सदस्याकडे किंवा ठेकेदाराकडे तो जाहिरात मागायला जातो, त्याच्याच कामाची चौकशी त्याने करावी अशी आपली अपेक्षा असते. तालुक्याच्या ठिकाणी मोठे उद्योग नाहीत, मॉल नाहीत. जाहिरात देणारे म्हणजे राजकीय पुढारी, पतसंस्था, बिल्डर आणि सरकार. कोकणातल्या जिल्हा पानांचा झुकाव या अर्थकारणातून येतो आणि तो दूर करायचा तर पेपरला वाचकाच्या पैशावर जगता आलं पाहिजे. आज अंकाची किंमत छपाईचा आणि कागदाचा खर्चही भरून काढत नाही.

यापुढची पायरी धोक्याची आहे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी राजापुरात 'महानगरी टाइम्स'चे पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीने धडक दिली, दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. राजापूर तालुक्यातल्या प्रस्तावित तेल रिफायनरीच्या समर्थकाबद्दलची त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती, आणि ज्याच्याबद्दल बातमी होती त्याच्यावरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. एखाद्या तालुक्यातून एखाद्या विषयावर बातम्या येणं थांबलं तर संपादक विकला गेला असं लगेच म्हणू नये. जमिनीचे व्यवहार, वाळू, चिरेखाणी या विषयांवर लिहिणारा बातमीदार त्याच गावात राहतो, त्याच रस्त्याने घरी जातो. अशा बातमीला मुंबईच्या पेपरात बायलाइनसह, म्हणजे बातमीदाराच्या नावासह, जागा मिळते तेव्हा त्याला थोडं संरक्षण मिळतं. मोठ्या पेपरांनी कोकणातली पानं कमी केली त्याचं सर्वांत मोठं नुकसान हे आहे.

पेपर पारखायला दोन विषय पुरेत, कारण दोन्हींत प्रत्येक बाजूला गैरसोयीची अशी एक तरी गोष्ट आहे.

पहिला मालवणचा पुतळा. राजकोट किल्ल्यावरच्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण नौदल दिनी, ४ डिसेंबर २०२३ ला, पंतप्रधानांच्या हस्ते झालं. २६ ऑगस्ट २०२४ ला पुतळा कोसळला. पुरी बातमी व्हायला काय काय हवं? काम नौदलामार्फत झालं होतं. पुतळ्याचे नटबोल्ट गंजल्याचं पत्र सार्वजनिक बांधकाम विभागाने कोसळण्याच्या आधी नौदलाला लिहिलं होतं. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी ताशी ४५ किलोमीटर वाऱ्याचं कारण सांगितलं. शिल्पकार आणि बांधकाम सल्लागार यांच्यावर गुन्हा दाखल झाला. ३० ऑगस्टला पालघरमध्ये वाढवण बंदराच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी माफी मागितली. आता जुने अंक काढून बघा. सरकारकडे झुकलेला पेपर वारा, नौदल आणि शिल्पकार ठेवतो आणि बांधकाम विभागाचं पत्र आत ढकलतो. विरोधकांकडे झुकलेला पेपर भ्रष्टाचाराचा आरोप मथळ्यात घेतो आणि नौदलाची भूमिका शेवटच्या परिच्छेदात नेतो. वारा मुख्यमंत्र्यांच्या तोंडी अवतरणात दिला आहे की पेपरने स्वतःच 'वाऱ्याने कोसळला' असं लिहिलं आहे, हे जरूर तपासा. झुकाव मोजायचं त्या दिवसातलं ते सर्वांत नेमकं ठिकाण आहे.

दुसरा रिफायनरीचा. २०१७ मध्ये रिफायनरीसाठी नाणारच्या भूसंपादनाची अधिसूचना निघाली तेव्हा उद्योग खातं शिवसेनेकडे होतं. लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर मार्च २०१९ मध्ये ती रद्द झाली, तेव्हा मुख्यमंत्री भाजपचे होते. जानेवारी २०२२ मध्ये बारसूची जागा सुचवणारं पत्र केंद्राला गेलं ते मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्याकडून. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाला विरोध करणाऱ्या बारसूच्या लोकांवर पोलिसांनी अश्रुधूर सोडला तेव्हा मुख्यमंत्री एकनाथ शिंदे होते. या चार गोष्टींपैकी तुमच्या पेपराने त्या एप्रिलमध्ये किती सांगितल्या? चारही असतील तर तो पेपर लावा. शिवाय सड्यावर बसलेल्या बायकांना 'ग्रामस्थ' म्हटलं होतं, 'आंदोलक' की 'बाहेरून आलेले', आणि त्यांच्यातल्या कुणाचं नावानिशी म्हणणं छापलं होतं का, हेही पाहा. अधिकाऱ्याचं म्हणणं नावासह आणि गावकऱ्याचं म्हणणं 'काहींचा आरोप' म्हणून, ही तफावत जवळपास सगळीकडे आहे. प्रकल्पाच्या बाजूने लिहिणाऱ्या पेपरांतच ती असते असं नाही.

पक्षाचं नाव कसं लिहिलं आहे हीदेखील झटपट खूण. १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदे यांच्या पक्षाला दिल्यानंतर 'शिवसेना' आणि 'शिवसेना (ठाकरे)' असं लिहिणारा पेपर किमान नियम पाळतो. बातमीत 'मिंधे' किंवा 'उबाठा' आलं की ते मत आहे, बातमी नाही.

निवडणुकीच्या काळात वरचे सगळे निकष बाजूला ठेवून फक्त पेड न्यूज, म्हणजे पैसे देऊन छापून आणलेली बातमी, शोधा. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा एकच मजकूर स्पर्धक मराठी पेपरांत शब्दशः छापल्याचं पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं आणि देशभर हा विषय चर्चेत आला. 'अशोक पर्व' नावाने ते प्रकरण ओळखलं जातं. खर्चाबद्दल आयोगाने २०१४ मध्ये बजावलेली नोटीस दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केली, म्हणजे कायद्याने हे सिद्ध करणं किती अवघड आहे ते दिसतं. वाचकाला करता येण्यासारखं असं: दोन पेपर घ्या, उमेदवाराच्या 'झंझावाती' दौऱ्याची बातमी ताडा. तोच फोटो, तीच वाक्यं, बायलाइन नाही, विरोधी उमेदवाराचा उल्लेख नाही, तर दोन्ही कात्रणं जिल्हाधिकारी कार्यालयातल्या माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडे द्या. त्याच दिवशी द्या, कारण छापल्यापासून किंवा तक्रार आल्यापासून ९६ तासांत उमेदवाराला नोटीस जावी लागते आणि त्याने ४८ तासांत उत्तर द्यायचं असतं. ती जाहिरात ठरली तर तिचा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जातो; विधानसभेसाठी राज्यात मर्यादा ४० लाख आहे.

टीव्हीवर फार वेळ घालवण्यासारखं नाही. मालकी लक्षात ठेवा: 'न्यूज१८ लोकमत'मागे रिलायन्सचा नेटवर्क१८, 'एनडीटीव्ही मराठी'मागे अदानी समूह, 'साम'मागे सकाळ, 'झी २४ तास' झी समूहाचं. रात्रीच्या चर्चेत कोकण आलं तर राणे-ठाकरे वाद म्हणून येतं. मुंबई-गोवा महामार्ग का रखडला, कुठल्या टप्प्याचा ठेकेदार कोण, हे तासभरातही कळत नाही. लाइव्ह दृश्यांपुरता टीव्ही ठेवावा. आकाशवाणी कमी शब्दांत, आरडाओरडा न करता बातमी देते, पण सरकार कुठलंही असो, बातमीपत्राचा आरंभ सरकारच्या घोषणेनेच होतो. पुराच्या आणि वादळाच्या दिवसांत तिच्याइतकं भरवशाचं काही नाही.

स्थानिक पोर्टलं आणि यूट्यूब चॅनेलं सर्वांत जलद आणि सर्वांत कच्ची. यातली काही एकटा माणूस मोबाइलवर चालवतो आणि चांगलं काम करतो. काही निवडणुकीआधी तीन महिने उगवतात. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार डिजिटल बातमी देणाऱ्याने तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर द्यायचा असतो. तो नसेल तर त्या दुव्यावर विसंबू नका आणि ग्रुपवर पुढे पाठवू नका.

तक्रार करायची तर पेपरसाठी आधी संपादकाला पत्र, मग भारतीय प्रेस कौन्सिल. दैनिकाच्या बाबतीत छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत, आणि प्रकरण न्यायालयात नाही असं लिहून द्यावं लागतं. तक्रारी फेटाळल्या जायचं एक साधं कारण म्हणजे कात्रणावर तारीख आणि आवृत्ती नसते. ई-पेपरमध्ये मुंबईची आवृत्ती उघडली तर सिंधुदुर्गचं पान सापडत नाही. जिल्ह्याची आवृत्ती निवडून पूर्ण पान उतरवून ठेवा. कौन्सिल समज देऊ शकते, ठपका ठेवू शकते, दंड करू शकत नाही. तरीही ठपका छापून येतो तेव्हा डेस्कवर त्याची दखल घेतली जाते. चॅनेलविरुद्ध तक्रार आधी चॅनेलकडेच, प्रसारणापासून सात दिवसांत. पुढे एनबीडीएसएकडे, म्हणजे वृत्तवाहिन्यांच्या एनबीडीए या संघटनेच्या तक्रार मंडळाकडे, तेही ते चॅनेल त्या संघटनेचं सदस्य असेल तरच.

मग लावायचं काय? दोन पेपर परवडत असतील तर एक जिल्ह्याचा आणि एक मुंबईच्या समूहाचा: सावंतवाडी-कुडाळ पट्ट्यात 'तरुण भारत' किंवा 'पुढारी', रत्नागिरी-चिपळुणात 'पुढारी' किंवा 'रत्नागिरी टाइम्स', आणि जोडीला 'लोकसत्ता' किंवा 'मटा'. एकच परवडत असेल तर जिल्ह्याचा लावा. राज्याची बातमी इतरत्र मिळते, ग्रामसभेची मिळत नाही. मुखपत्रं वाचनालयात, दोन्ही एकाच बैठकीत. वर्षाच्या वर्गणीवर भेटवस्तू देणाऱ्या योजनेत अडकू नका, कारण निवडणुकीच्या वर्षात पेपर बदलायची मोकळीक हवी. विक्रेत्याकडे महिन्याच्या हिशेबाने लावलात तर पहिल्या तारखेला बदलता येतो, आणि का बदलला ते पोस्टकार्डवर लिहून संपादकांना कळवता येतं.